बुक्वित्सा : काढ्यातली वनस्पती, झाडाचे फळ की पोथीतले अक्षर?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण काही वर्षे रशियन शिकत आहात आणि लोकवैद्यकावरच्या एका जुन्या रशियन पुस्तकातील काही पाने मराठीत आणत आहात. त्यात 'बुक्वित्सा फुलावर असताना कापून सावलीत वाळवावी आणि तिचा काढा करावा' अशा अर्थाचे वाक्य आले. शब्दकोश उघडला, तर 'बुक्वित्सा' म्हणजे प्रकरणाच्या आरंभीचे मोठे, सजवलेले अक्षर. इंटरनेटवर शोधले, तर एका चेक पानावर हाच शब्द एका तिकोनी बीच्या चित्राखाली छापलेला. तेव्हा हा एकच शब्द आहे की तीन, त्यांचा एकमेकांशी संबंध काय आणि मराठीत नेमके काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

आपल्या वाक्यापुरते उत्तर लगेच देतो. ती वनस्पती आहे, आणि तिचे शास्त्रीय नाव बेटोनिका ऑफिसिनॅलिस. मात्र एवढ्याने आपले काम भागणार नाही, कारण आपली अडचण अर्थाची कमी आणि गृहीतकाची जास्त आहे. एकाच अक्षरओळीत लिहिला जाणारा शब्द एकच असला पाहिजे, असे आपण धरून चालला आहात. 'बुक्वित्सा' हे रूप स्लाव्ह भाषांत (रशियन, पोलिश, चेक, सर्बियन वगैरे) निदान तीन वेगळ्या वाटांनी तयार झाले आहे. त्यांतली कोणती वाट आपल्या वाक्यापर्यंत आली, हे मजकुराची भाषा, त्याचा काळ, त्याचा विषय आणि बऱ्याचदा शब्दाचे वचन यांवर ठरते. म्हणून कोणी नुसता शब्द पुढे करून अर्थ विचारला, तर मी आधी पूर्ण वाक्य मागतो.

ही सवय मला एका फजितीतून लागली. पंचवीसएक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका लाकूड व्यापाऱ्याने सर्बियातून आलेल्या मालाची यादी माझ्याकडे पाठवली. मी रशियनचा अनुवादक. सर्बियन ही रशियनच्या शेजारची, निभावून नेऊ, अशा भ्रमात मी ती घेतली. यादीत ओळीओळीला 'पारेना बुक्वा' असे शब्द होते. रशियनमध्ये 'बुक्वा' म्हणजे अक्षर आणि 'पार्नाया' म्हणजे जोडीतले. तेव्हा ही मालाच्या गठ्ठ्यांवर घातलेल्या जोड-अक्षरांची खूण असणार, असा तर्क लढवून मी तसे लिहून दिले. व्यापारी फोनवर बराच वेळ हसले आणि म्हणाले, "अहो सर, हे तर स्टीम बीच!" सर्बियनमध्ये 'बुक्वा' म्हणजे बीच वृक्ष आणि 'पारेना' म्हणजे वाफवलेली. बीचचे लाकूड वाफवले की त्याला गुलाबीसर छटा येते, आणि आपल्याकडचे सुतार व फर्निचरवाले त्याला 'स्टीम बीच' याच नावाने ओळखतात. बिल अर्थातच मी पाठवले नाही.

आता अक्षर आणि झाड यांची ही गाठ कुठे पडली, ते पाहू. ती स्लाव्ह भाषांत पडलेली नाही. ती त्याआधी जर्मानिक भाषांत, म्हणजे जर्मनच्या कुळातल्या भाषांत, पडली होती आणि स्लाव्ह लोकांनी ती आयती उचलली. जर्मनमध्ये आजही 'बूखं' म्हणजे बीच वृक्ष, 'बूख' म्हणजे पुस्तक आणि 'बुखश्टाबं' म्हणजे अक्षर. चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर झालेल्या गॉथिक भाषेत 'बोका' म्हणजे अक्षर आणि त्याचे अनेकवचन 'बोकोस' म्हणजे लेख, दस्तऐवज, ग्रंथ. गॉथिकमधला दीर्घ 'ओ' स्लाव्ह उच्चारात 'ऊ'सारखा झाला, शेवटचा स्वर स्लाव्ह स्त्रीलिंगी साच्यात बसला, आणि जुन्या स्लाव्ह भाषेत 'बूकी' हा शब्द आला. त्याचा अर्थ अक्षर.

पाठ्यपुस्तकांत याचे कारण एका ओळीत सांगितले जाते : प्राचीन जर्मानिक लोक बीचच्या फळ्यांवर रून ही आपली जुनी अक्षरे कोरत, म्हणून झाडाचे नाव अक्षराला मिळाले. गोष्ट गोड आहे, पण ती तितक्या सहजपणे मी वर्गात सांगत नाही. एक तर 'झाड' आणि 'लेख' या दोन अर्थांच्या जर्मानिक शब्दांची जुनी रूपे व्याकरणाच्या दृष्टीने एकसारखी चालत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे नाते किती थेट आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरे असे की सहाव्या शतकातला लॅटिन कवी वेनान्टियस फोर्तुनाटस रानटी लोकांच्या रूनलिपीचा उल्लेख करतो, तेव्हा ती ॲश या झाडाच्या फळ्यांवर रंगवलेली असल्याचे सांगतो. बीचचे तो नावही काढत नाही. एका कवीच्या ओळीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. पण सिद्धान्त आधीच मांडून बसलेल्यांना ती ओळ जरा अडचणीची ठरते, हेही खरे. माझे मत विचाराल तर दोन्ही शब्दांचे मूळ एक असावे. मात्र 'फळीवर कोरले म्हणून' हे स्पष्टीकरण मी 'असे मानले जाते' या शब्दांतच लिहितो आणि आपणही तसेच लिहावे.

हा शब्द उसना घेताना त्याच्या सवयीही बरोबर आल्या, याचा एक सुंदर पुरावा लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तेथे एक कारभारी आपल्या धन्याच्या कर्जदाराला म्हणतो, की हा तुझा कागद घे, बस आणि शंभराच्या जागी पन्नास लिही. कर्जाचा कागद एकच आहे, पण मूळ ग्रीकमध्ये 'ग्राम्माता' म्हणजे अक्षरे असे अनेकवचन आहे. गॉथिक भाषांतरात तेथे 'बोकोस' आहे आणि प्राचीन चर्च स्लाव्हमध्ये 'बुकुवि'. दोन्ही अनेकवचनेच. सुटे अक्षर म्हणायचे तर एकवचन आणि लिहिलेला कागद म्हणायचा तर अनेकवचन, ही रीत तिन्ही भाषांत दिसते. मराठीत 'चार अक्षरे लिहून पाठवा' असे आपण म्हणतो, तेव्हा पत्रच मागत असतो. त्यामुळे ही रीत आपल्याला परकी वाटू नये. वचनाकडे लक्ष द्या, असे वर म्हटले ते यासाठी.

यापुढचा मुद्दा व्याकरणाचा आहे, पण शाळेत संस्कृत झालेल्याला तो घरचा वाटेल. 'बूकी' या रूपातून 'बुक्वा' कसे झाले? हा 'व' कुठून आला? जुन्या स्लाव्हमध्ये दीर्घ ऊकारान्त स्त्रीलिंगी नामांचा एक लहानसा वर्ग होता. त्यांची प्रथमा एका स्वराने संपे आणि बाकीच्या विभक्तींत त्या स्वराच्या जागी 'व' येई. आपल्याकडे 'वधू'ची तृतीया 'वध्वा' होते, तोच हा प्रकार. या वर्गातला एक शब्द 'स्वेक्री' म्हणजे सासू. त्याची षष्ठी 'स्वेक्रुवे' आणि आजचे रशियन रूप 'स्वेक्रोव्'. संस्कृतात हीच बाई 'श्वश्रू' आहे आणि तिची षष्ठी 'श्वश्र्वाः'. मराठीतली 'सासू' त्याच श्वश्रूची लेक. 'स्वेक्री' आणि 'श्वश्रू' हे सख्खे नातलग आहेत. 'बूकी' मात्र उसनी आलेली पाहुणी. पण पाहुणी आली ती थेट सासूच्या पंक्तीला जाऊन बसली, तशीच चालू लागली, आणि पुढे या 'व' असलेल्या रूपांवरूनच नवी प्रथमा 'बुक्वा' घडली. वर्गात मी हे फळ्यावर 'वधू–वध्वा' आणि 'बूकी–बुकुवे' असे शेजारी शेजारी लिहितो. मग तो 'व' कोणी विसरत नाही.

आता झाडाची बाजू. यूरोपातला सामान्य बीच म्हणजे फॅगस सिल्वाटिका. खोड राखाडी आणि वयोवृद्ध झाडावरही गुळगुळीत. पाने पातळ, कडेला किंचित लाटदार. फळाला मऊ काट्यांचे कवच असते. ते शरद ऋतूत चार फाकांनी उघडते आणि आतून बहुधा दोन चकचकीत तपकिरी बिया निघतात, प्रत्येक बी तीन धारांची. उपवासाच्या कुट्टूचा दाणा पाहिला असेल, तर तोच आकार मोठा करून डोळ्यांसमोर आणा. जर्मनमध्ये कुट्टूला 'बीच-गहू' अशा अर्थाचे नाव पडले आहे, ते या साम्यामुळेच. कार्पेथियन डोंगरांत या झाडाची जुनी जंगले टिकून आहेत, आणि स्लोव्हाकिया व युक्रेनमधल्या अशा जंगलांना युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. १७७५ मध्ये ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग सत्तेने ताब्यात घेतलेला आणि आज युक्रेन व रोमानिया यांत विभागलेला 'बुकोविना' हा प्रदेश नावानेच बीचचा देश आहे.

झाडाचे हे नाव, 'बुक', स्लाव्ह भाषांनी जर्मानिककडूनच घेतले. यावर एक प्रसिद्ध युक्तिवाद उभा आहे. बीचची नैसर्गिक हद्द पूर्वेकडे साधारणपणे कालिनिनग्राडपासून ओडेसाच्या दिशेने जाणाऱ्या रेषेपाशी संपते. ज्यांना झाडाला स्वतःचे नाव नव्हते, ते लोक मुळात त्या रेषेच्या पूर्वेला राहत असले पाहिजेत, असा निष्कर्ष पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ युझेफ रोस्ताफिन्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढला. तर्क आकर्षक आहे. पण झाडांच्या हद्दी हजारो वर्षांत सरकतात आणि नावेही एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. लॅटिन 'फागुस' म्हणजे बीच. त्याचाच ग्रीक सोयरा 'फेगोस' मात्र ओकच्या एका जातीला लावला जातो. त्यामुळे झाडाच्या नावावरून लोकांचे गाव शोधणाऱ्या लेखांकडे मी जरा सबुरीने पाहतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की झाडाच्या नावाची दोन रूपे झाली. रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या भाषांत साधे 'बुक' राहिले. सर्बियन व क्रोएशियनमध्ये मात्र झाडच 'बुक्वा' झाले आणि स्लोव्हेनियनमध्ये 'बुकेव'. म्हणजे रशियन व बल्गेरियन माणसाची 'बुक्वा' अक्षर आणि सर्ब माणसाची 'बुक्वा' झाड. सर्ब माणूस अक्षराला 'स्लोवो' म्हणतो, आणि 'स्लोवो' म्हणजे रशियनमध्ये शब्द! गंमत अशी, की सर्बियनमध्ये अक्षराचा जुना अर्थ पुसलेला नाही, तो साधित शब्दांत लपून राहिला आहे. मुलांची अंकलिपी तेथे 'बुक्वार'च आहे आणि 'शब्दशः' या अर्थाने 'बुक्वाल्नो' रोज बोलले जाते. ठोंब्याला मात्र 'बुक्वान' म्हणतात. तो थेट लाकडाचा ओंडका.

आतापर्यंतचे सूत्र असे : उगम जर्मानिक, अर्थ दोन, झाड आणि लेख, आणि दोहोंचे रूप काही भाषांत तंतोतंत एक झालेले. आता त्याला '-इत्सा' हा प्रत्यय लावायचा, की आपली 'बुक्वित्सा' तयार होते. हा प्रत्यय लहानपणा दाखवतो किंवा मूळ शब्दाशी संबंधित वस्तूला नाव देतो. संस्कृतातला '-इका' हा त्याचा नात्यातला आहे. पत्रापासून पत्रिका होते, तशी बुक्वापासून बुक्वित्सा. प्रत्यय कोणत्या बुक्वाला लागला, एवढाच प्रश्न उरतो.

झाडाला लागला, तर फळ. चेकमध्ये 'बुक्वित्से' म्हणजे बीचची ती तिकोनी बी, आणि आपल्याला चित्राखाली सापडला तो हाच शब्द. क्रोएशियनमध्येही त्या बीला बुक्वित्सा म्हणतात.

अक्षराला लागला, तर रशियन मुद्रणातले आद्याक्षर, ज्याला आपले डीटीपीवाले 'ड्रॉप कॅप' म्हणतात. हस्तलिखितांच्या काळात हे अक्षर म्हणजे पानाचा चेहरा असे. १०५६–५७ मध्ये लिहिल्या गेलेल्या ओस्त्रोमिर शुभवर्तमानातली आद्याक्षरे पाहा. वेलबुट्टीतून प्राण्यांची आणि माणसांची तोंडे डोकावतात आणि त्यातून अक्षर शोधून काढावे लागते. जुन्या रशियन लेखनिकांच्या लाल शाईचा रंग 'किनोवार' म्हणजे आपला हिंगूळ. आपल्या पोथ्यांतही अध्यायसमाप्ती आणि दंड हिंगुळाच्या लाल शाईने काढण्याची रीत होती, तेव्हा हे दृश्य मराठी वाचकाला अनोळखी नाही. रशियनमध्ये नव्या परिच्छेदाने सुरुवात करणे याला अजूनही 'लाल ओळीपासून लिहिणे' असेच म्हणतात, आणि संगणकावर काळ्याभोर अक्षरांत टंकतानाही म्हणतात.

अनेकवचनी 'लेख' या अर्थाला लागला, तर पुस्तिका. स्लोव्हेनियनमध्ये 'बुक्वे' हा पुस्तकासाठीचा जुना शब्द, आणि तोही अनेकवचनी. प्रिमोझ त्रुबार याने १५५० मध्ये काढलेल्या पहिल्या स्लोव्हेनियन अंकलिपीच्या मुखपृष्ठावर तिचे वर्णन 'बुक्वित्से' असे केले आहे : तरुण आणि साध्यासुध्या स्लोव्हेनियन माणसांना थोड्या वेळात सहज वाचायला शिकता यावे, यासाठीची छोटी पुस्तिका. येथे कोणी 'आद्याक्षरे' किंवा 'बीचची फळे' असे भाषांतर केले, तर बिचाऱ्या त्रुबारचे सगळे कष्ट पाण्यात गेले म्हणायचे.

आणखी एक अर्थ क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्याकडचा आहे. तेथे व बोस्नियात सिरिलिक लिपीचे (रशियन लिहितात ती लिपी) एक स्थानिक वळण शतकानुशतके वापरात होते, आणि कॅथलिक पाद्रीही ते वापरत. पोल्यित्सा या छोट्या स्वायत्त मुलखाचा १४४० चा कायदेसंग्रह याच वळणात लिहिलेला आहे. आज या लिपीला बहुधा 'बोसांचित्सा' म्हणतात, पण 'बुक्वित्सा' हेही तिचे एक नाव. म्हणजे एखाद्या क्रोएशियन इतिहासलेखात दस्तऐवज 'बुक्वित्सेत' आहे असे आले, तर तेथे लिपी समजायची.

आता आपल्या काढ्याकडे येऊ. बेटोनिका ऑफिसिनॅलिस ही तुळस आणि पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आहे. खोड बोटांत फिरवून पाहिले तर तुळशीसारखे चौकोनी लागते. बुडाशी लांब देठांची पाने गुच्छाने येतात. पान लांबट, देठापाशी हृदयाकार, कडेला गोलसर दात, जणू कोणी नखाने एकेक चंद्रकोर कोरत गेले आहे. वर जांभळट लाल फुलांचा दाट तुरा. प्राचीन रोममध्ये तिचा मोठा दबदबा होता. थोरल्या प्लिनीने तिचे नाव स्पेनमधल्या वेट्टोनेस या जमातीवरून आल्याचे लिहिले आहे, आणि सम्राट ऑगस्टसचा वैद्य आंतोनियस मूसा याच्या नावावर चालत आलेली एक पुस्तिका केवळ या एका वनस्पतीच्या गुणांवर आहे. लिनियसने १७५३ मध्ये दिलेले बेटोनिका हे नाव पुढे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी बदलून तिला स्टॅकिस वंशात घातले, म्हणून पुस्तकागणिक तिची दोन शास्त्रीय नावे आढळतील. रशियनमध्येही त्याप्रमाणे 'बुक्वित्सा' आणि 'चिस्तेत्स' अशी दोन नावे चालतात. वनस्पती एकच आहे, याची खात्री बाळगा.

पण हिला बुक्वित्सा का म्हणतात? पानावरच्या नक्षीत लोकांना अक्षरे दिसली असतील, पान बीचसारखे वाटले असेल, अशी स्पष्टीकरणे वाचायला मिळतात. मला त्यांपेक्षा सरळ वाटते ते असे : मठांतून आणि औषधींच्या पुस्तकांतून 'बेटोनिका' हे परके, अर्थहीन नाव आले, आणि बोलणाऱ्यांनी ते 'ब'ने सुरू होणाऱ्या व '-इत्सा'ने संपणाऱ्या ओळखीच्या साच्यात दाबून बसवले. परके नाव तोंडाला सोयीचे करून घेताना लोक त्याला अर्थही चिकटवतात.  हे मत पटले तर निष्कर्ष मजेशीर निघतो : आपल्या काढ्यातल्या बुक्वित्सेचा ना झाडाशी रक्ताचा संबंध, ना अक्षराशी. ती तिसऱ्याच घरची, फक्त आडनाव त्यांचे लावून बसलेली. पोलिश 'बुक्वित्सा' आणि चेक 'बुक्वित्से' हे शब्दही या वनस्पतीला लागतात, त्यामुळे चेक माणसाच्या बाबतीत बी की औषधी, हे पुन्हा वाक्यावरूनच ठरवावे लागते.

येथे दोन सापळे सांगून ठेवतो, कारण मजकूर औषधाचा आहे आणि चुकीची किंमत वाचकाला मोजावी लागेल. पहिला : रशियन लोकवैद्यकात 'पांढरी बुक्वित्सा' म्हणून जी येते, ती बेटोनी (म्हणजे आपली बेटोनिका) नव्हे, ती वसंतात पिवळी फुले देणारी प्रिम्युला व्हेरिस आहे. विशेषण गाळू नका. दुसरा : सर्बियन व क्रोएशियन पुस्तकांत 'बोक्वित्सा' आढळेल. स्वर एकच बदलला, पण वनस्पती बदलून प्लँटॅगो झाली, म्हणजे ज्या वंशातून आपला इसबगोल येतो तो वंश. म्हणून लॅटिन नाव दिलेले असेल तर त्यावरच भिस्त ठेवा. नसेल तर फुलाचा रंग, पानांची मांडणी आणि फुलण्याचा महिना मजकुरातून ताडून पाहा. एवढे करूनही नक्की झाले नाही, तर मी मूळ नाव लिप्यंतरित ठेवतो आणि तळटीप देतो.

शेवटी एक आडवळण, पण विषयाला धरूनच. सिरिलिकमधली पहिली दोन अक्षरे 'आझ' आणि 'बुकी'. त्यांवरून संपूर्ण मुळाक्षरांना 'आझ्बुका' नाव पडले, जसे 'ॐ नमः सिद्धम्'च्या पहिल्या अक्षरांवरून आपला 'ओनामा' झाला. म्हणजे बीचशी नाते सांगणारा शब्द वर्णमालेच्या दुसऱ्याच घरात बसला आहे. पण रशियातल्या नोव्हगोरोद या जुन्या शहराच्या लोकांनी प्रत्यक्षात लिहिले कशावर? भूर्जाच्या सालीवर. तेथे २६ जुलै १९५१ रोजी पहिले भूर्जपत्र सापडले आणि त्यानंतर हजाराहून अधिक मिळाली. त्यांतली काही तेराव्या शतकातल्या ओन्फिम नावाच्या मुलाची आहेत. सालीच्या डब्याच्या बुडावर त्याने आधी सगळी आझ्बुका कोरली, मग 'बा, वा, गा, दा' अशी स्वरचिन्हांची उजळणी केली, थेट आपल्या बाराखडीसारखी. आणि कंटाळा आल्यावर उलट बाजूला एक प्राणी काढून 'मी जंगली श्वापद आहे' असे लिहिले. भूर्जाला रशियनमध्ये 'बिर्योझा' म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत 'भूर्ज'चा खराखुरा नातलग आहे. उसना नाही, वाटणीत आलेला.

इंटरनेटवर शोधताना आपल्याला 'प्राचीन स्लाव्ह बुक्वित्सा' या नावाने ४९ अक्षरांचा एक तक्ताही भेटेल, प्रत्येक अक्षराला गूढ अर्थ जोडलेला. त्याला कोणत्याही जुन्या हस्तलिखिताचा आधार नाही. तो अलीकडच्या नवगूढवाद्यांचा कारखाना आहे. त्यावरून अर्थ काढू नयेत.

राहिले मराठी. बेटोनीला मराठीत रूढ नाव नाही, आणि तुळशीच्या कुळातली म्हणून 'रानतुळस' करण्याचा मोह झाला तरी आवरावा, कारण त्या नावाच्या वनस्पती आपल्याकडे आधीच आहेत. मी 'बेटोनी' लिहीन आणि पहिल्या उल्लेखापाशी कंसात शास्त्रीय नाव देवनागरीत देईन. अक्षराच्या संदर्भात 'सजवलेले आद्याक्षर' पुरेसे आहे. झाडाच्या बाबतीत नुसते 'बीच' लिहिले, तर मराठी वाचक समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतो, म्हणून 'बीच वृक्ष' असे जोडून लिहावे. स्लाव्ह नाव ठेवायला जाल तर 'बुक' होईल आणि वाचक ते पुस्तक समजेल, जे व्युत्पत्तीच्या अंगाने फारसे चुकीचेही नाही. आपले वाक्य मी असे करीन : 'बेटोनी फुलावर असताना वरचा भाग कापून सावलीत वाळवावा आणि त्याचा काढा करावा.' त्याआधी आपल्या पुस्तकात फुलाचा रंग जांभळट लाल दिला आहे की पिवळा, एवढे मात्र पुन्हा एकदा पाहून घ्या.